सावली पाहून आखलेली वाट : प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून ही वही. दिवाळीची सुटी संपवून परवा वसतिगृहात आले आणि संध्याकाळी खिडकीतून टेकडीकडे बघताना लक्षात आलं, की गेल्या दीड वर्षात मी या टेकडीवर दोनदाच गेले आहे. दोन्ही वेळा पाहुणे आले होते म्हणून.

जळगावच्या आमच्या विद्यापीठाचं आवार साडेसहाशे एकरांचं आहे. गिरणा नदीच्या काठाशी, चढ-उतारांच्या मुरमाड जमिनीवर. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन हे विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा इथं उघडे माळ होते असं जुने लोक सांगतात. नंतर उतारांवर चर खणले, पाणी अडवलं, झाडं लावली. ज्यांनी हे केलं त्यांनी आमच्यासाठी केलं, आणि आम्ही खोली, मेस, विभाग, ग्रंथालय एवढ्याच चौकोनात फिरतो. मजल्यावरच्या बावीस मुलींना विचारलं. टेकडीच्या माथ्यावर गेलेल्या पाच निघाल्या. बाकीच्यांचं उत्तर जवळपास सारखंच होतं : वाट माहीत नाही, सोबत नाही, आणि ऊन.

ठरलं ते असं : आवारात फिरायला एक वाट आखायची, जिच्यावर कुणालाही, कुणाला न विचारता जाता येईल. सोबत आम्ही चौघं. मी पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची, शिरपूरची. माझी रूम-पार्टनर चोपड्याची, रसायनशास्त्रातली. भूगोलाचा एक मित्र धडगावचा. आणि अमळनेरची एक ताई, जी कबड्डी खेळते आणि आमच्यात सगळ्यांत दमाची आहे. विभागातल्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "करा, पण रोजची नोंद ठेवा. तारीख नसलेलं निरीक्षण म्हणजे नुसती आठवण."

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुटी. तिघं गावी गेले. काम नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. सकाळी नऊला निघालो, हीच पहिली चूक. परतायला साडेअकरा झाले आणि दोन बाटल्या पाणी चौघांत कमी पडलं. नोव्हेंबर असला तरी खान्देशातलं अकराचं ऊन ते अकराचंच.

अंतर पावलांनी मोजलं. आधी पन्नास मीटरचा टेप दोनदा अंथरून शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते प्रत्येकानं पाहून घेतलं. माझी १३४, ताईची ११८. चढावर पावलं आखूड होतात, म्हणून तिथं वेगळी मोजणी. फोनमधला नकाशा सोबत होता, पण झाडीत तो ठिपका इकडचा तिकडे उड्या मारतो. शेवटी पावलांचाच हिशेब जास्त भरवशाचा निघाला.

कुसळांनी मोज्यांची चाळण केली. टेकडीच्या मागच्या बाजूला कुसळी गवत कमरेएवढं आहे. पुढच्या वेळी जाड कापडाची पँट, बूट, आणि हातात काठी. काठी सापासाठीही. गवतात घोणस असू शकते, काठी आपटत गेलं की साप बहुधा बाजूला सरकतो.

आजची खरी कमाई म्हणजे माळीकाका. रोपवाटिकेच्या बाजूला पाइप ओढत होते. आम्हाला बघून अहिराणीत म्हणाले, "कथा चालनात पोरीस्वन, इतल्या उनमा?" (कुठं निघालात पोरींनो, एवढ्या उन्हात?) सांगितलं, वाट आखतोय. त्यांनी आमचा कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. आम्ही फाटकापासून माथ्यापर्यंत सरळ रेघ मारली होती. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "पहिले सावली दखा, मंग वाट आखा."

हे ऐकून धडगावचा मित्र थांबलाच. त्यानं सांगितलं, सातपुड्यात पाड्यावरून पाड्यावर जाणाऱ्या पायवाटा कधीच सरळ नसतात. त्या या मोहापासून त्या मोहाकडे, मग आंब्याकडे अशा वळत जातात. नवख्याला वाटतं, लांबचा फेरा घातलाय. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालणाऱ्या बाईला तो फेरा वाटत नाही.

मी परत आल्यावर सरळ रेघ खोडली.

१ डिसेंबर, रविवार

पद्धत ठरली. वाटेचा कच्चा मार्ग ३,६०० मीटरचा. दर वीस मीटरला एक थांबा, म्हणजे १८० थांबे. प्रत्येक थांब्यावर दिवसातून चार वेळा नोंद : सकाळी ७, १०, दुपारी १, संध्याकाळी साडेचार. डोक्यावर पूर्ण सावली असेल तर 'स', जाळीदार असेल तर 'अ', उघडं असेल तर 'उ'. चौघांनी वाट वाटून घेतली, प्रत्येकाकडे ४५ थांबे.

सोबत जवळच्या झाडाचं नाव. कडुनिंब, करंज, शिरीष, साग, पळस, बाभूळ, हिवर, बोर, गिरिपुष्प, सीताफळ, आणि काही अंजन. अंजनाचं जोडपान ओळखायला मला दोन आठवडे लागले, आपट्याशी गल्लत होत होती. आता लांबूनही ओळखते, त्याच्या फांद्या कशा खाली झुकलेल्या असतात त्यावरून. खडकाळ, कोरड्या जमिनीत तग धरणारं हे झाड आपल्या भागाचं खरं लेकरू आहे आणि त्याच्याकडे आम्ही कुणी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

१८० पैकी १०४ थांब्यांना सकाळी दहाला 'स' किंवा 'अ'. मार्ग तीन ठिकाणी वळवला. सागाच्या पट्ट्यातून जाणारा सव्वाचारशे मीटरचा तुकडा सगळ्यांत गार, तोच वाटेचा मुख्य भाग धरला. वळवून वाट ३,८४० मीटर झाली, थांबे १९२.

खुणांसाठी दगडांना चुना फासला. झाडांना खिळे ठोकायचे नाहीत, रंग लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. दुपारभर चुना कालवून बोटं भाजली तरी चौघांचाही मूड छान होता.

१५ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. सकाळी सहाला बोटं वळत नव्हती. आज आमच्याबरोबर पहिल्यांदाच बाहेरच्या नऊ मुली आल्या. आणि एक गोष्ट उघडी पडली जी आम्ही तक्त्यात धरलीच नव्हती : सकाळी सातला कुणालाच सावली नको होती. सगळ्या जणी उन्हाचा तुकडा दिसला की तिथं थांबत होत्या, कोंबड्या थांबतात तशा. म्हणजे 'उ' ही दर वेळी वाईट नोंद नाही. हिवाळ्यातल्या सात वाजताच्या रकान्यात 'उ' म्हणजे बसायची जागा. तीन उघडे थांबे 'कोवळं ऊन' म्हणून वेगळे लिहिले. तिथं सपाट दगड लोटून आणले.

परवा रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव पाहायचं ठरवलं होतं. पण आज पौर्णिमा, त्यामुळे त्या रात्री चंद्र जवळपास पूर्ण. तासाभरात चार उल्का दिसल्या. आकाश पाहायचं तर आधी पंचांग पाहायचं, हेही वहीत लिहून ठेवते.

२२ डिसेंबर, रविवार

काल वर्षातला सर्वांत लहान दिवस झाला. आज माथ्यावर एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी केली आणि दुपारी सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत गेलो. सर्वांत आखूड सावली १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास : ९८ सेंटिमीटर. जवळपास काठीएवढीच. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांत आपल्याकडे अर्ध्या तासाचा फरक, कारण भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि आपण साडेपंचाहत्तर अंशावर.

हे मोजण्यामागे कारण आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे झाडाची सावली त्याच्या बुंध्यापाशी न पडता उत्तरेला लांब पडते. म्हणजे झाडांच्या रांगेच्या उत्तर बाजूनं चाललं तर दुपारीही सावलीतून जाता येतं, आणि दक्षिण बाजूनं चाललं तर सगळं अंगावर. आमची वाट दोन ठिकाणी रांगेच्या दक्षिणेला होती. अवघी सहा मीटर पलीकडे सरकवली. चालणाऱ्याला कळणारही नाही, पण पाठीला कळेल.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज मोजमाप नाही. आज भरीत.

ताईच्या ओळखीतल्या एका शेतकरी काकांनी शेतावर बोलावलं होतं. आवारापासून सायकलनं पाऊण तास. कपाशी वेचून झाली होती आणि बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग होता. मोठी, हिरवट-पांढरी भरताची वांगी त्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं : गॅसवर भाजलेलं वांगं आणि पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं या दोन वेगळ्या भाज्या आहेत. साल काढून वांगी लाकडी बडगीत टाकली आणि मुसळानं ठेचली, त्यातच भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण. मग कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. काकू कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या तळत होत्या. केळीच्या पानावर वाढून बांधावर बसलो. बावीस जणं होतो. त्यातले आठ जण विदर्भ-मराठवाड्यातले, त्यांनी बडगी पहिल्यांदाच पाहिली.

हे या वहीत का लिहिते? कारण आजवर आम्ही 'बाहेर जाणं' म्हणजे व्यायाम असं धरून चाललो होतो. आमच्या आई-बापांना बाहेर जाण्यासाठी निमित्त लागत नाही, त्यांचं निम्मं आयुष्य बाहेरच असतं. शिकायला आलो आणि आम्ही छपराखाली गेलो. विद्यापीठाला २०१८पासून ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी इथल्या असोद्याच्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या, पण शेत, झाड, पाखरू, विहीर यांच्याकडे त्यांनी जसं पाहिलं तसं पाहणं आम्हाला पदव्युत्तर वर्गात बसून येत नाही. ते बाहेर जाऊनच येणार.

परतीच्या वाटेवर सायकली ढकलत आलो, इतकं जेवलो होतो.

१२ जानेवारी, रविवार

गिरणेच्या पात्रात सकाळ घालवली. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावून ही नदी इथवर येते आणि पुढे तापीला मिळते. सध्या पात्रात वाळू जास्त, पाणी कमी. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की चित्र बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करूनच उतरायचं. वाळू उपसलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत. पोहायचं नाही, गुडघ्यापुढे पाण्यात जायचं नाही, हा नियम मोठ्या अक्षरात.

ओल्या वाळूत पावलांचे ठसे ओळखायचा खेळ झाला. टिटवी, बगळा, मुंगूस, कुत्रा, आणि एक ठसा ज्यावर अजून वाद आहे.

२५ जानेवारी, शनिवार, रात्र

महिन्यातली सर्वांत सुंदर रात्र. अमावास्येला चार दिवस बाकी, चंद्र पहाटेशिवाय उगवणार नाही. माथ्यावर सतरंज्या नेल्या. सत्तावीस जणं. बोलावताना एकच अट घातली होती : फोनचा उजेड लाल कागदातून, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं गप्प बसायचं. ती वीस मिनिटं कठीण गेली असतील असं वाटलं होतं. उलट त्यानंतरही कुणी पटकन बोललं नाही.

यंदाचं आकाश ग्रहांनी भरलेलं. पश्चिमेला शुक्र, इतका तेजस्वी की गाडीचा दिवा वाटावा, आणि त्याच्या जवळच खाली मंद शनी. डोक्यावर रोहिणीशेजारी गुरू. पूर्वेकडे पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ लालसर मंगळ. तो नुकताच, १६ तारखेला, आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला होता, म्हणून एवढा ठळक. मृगाचे तीन तारे दाखवले आणि त्या रेषेत पुढे जाऊन व्याध. धडगावच्या मित्रानं दुर्बीण आणली होती, ती दगडावर टेकवून गुरूचे चंद्र पाहिले. हात थरथरला तर दिसत नाहीत, टेकवली तर बारीक टिंबं एका ओळीत उभी राहतात.

ध्रुवतारा शोधायची युक्ती सगळ्यांना आवडली. हात लांब करून वळलेली मूठ म्हणजे आकाशातले साधारण दहा अंश. आपण एकवीस अंश अक्षांशावर, म्हणून उत्तर क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी आणि वर थोडंसं. तिथं ध्रुव. हे सांगितल्यावर टेकडीवर सत्तावीस जणं उत्तरेकडे मुठी धरून उभी होती, आणि एकेक करून "सापडला" असा आवाज येत होता.

पूर्वेला जळगावच्या दिव्यांचा पिवळट पडदा आहे. पश्चिमेकडचं आकाश अजून बऱ्यापैकी काळं आहे. ते तसंच राहावं असं मनापासून वाटतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

१४ ते १७ फेब्रुवारी जगभर पक्षिगणना आहे आणि भारतात तिच्यासोबत विद्यापीठं-महाविद्यालयांच्या आवारांतली गणनाही होते. नियम सोपा : किमान पंधरा मिनिटं एका जागी किंवा चालत, दिसेल-ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा. आमची १९२ थांब्यांची वाट तयारच होती, त्यामुळे आम्हाला फार सोपं गेलं. चार गट, सकाळी साडेसहा.

आमच्या गटाच्या पहिल्या यादीतून : सातभाई (आठ, भांडत), बुलबुल, कोतवाल, वेडे राघू, शिंजीर, टिटवी, होला, खाटीक, तारेवर नीलपंख. नीलपंख उडाला तेव्हा पंखांचा निळा रंग बघून रसायनशास्त्रातली माझी पार्टनर म्हणाली, "हा मोरचुदाचा निळा." कापशी घार एका जागी पंख फडफडवत हवेत उभी होती, मग दगडासारखी गवतात पडली. थांबा ८८ जवळ मोराचं पीस, आणि खाली ओढ्यात लांडोर दोन पिल्लांसह.

पळस फुललाय. त्यावर भोरड्यांचा थवा उतरला होता, शंभराच्या वर. हे पाहुणे हिवाळ्यासाठी येतात आणि उन्हाळा तापू लागला की उत्तरेकडे परत जातात. पळसाखाली उभं राहिलं की डोक्यावर कलकलाट आणि अंगावर पाकळ्या. एक पहिल्या वर्षाची मुलगी तिथून हलेना. तिला गटानं तिथंच ठेवलं, तिनं एकटीनं पंधरा मिनिटांची यादी केली आणि ती आमच्या सगळ्यांपेक्षा नेटकी निघाली.

मी मात्र त्या झाडाकडे वेगळ्या कारणानं बघत राहिले. फुलं भरभरून, पण पान एकही नव्हतं. (नंतरची भर : त्याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला.)

९ मार्च, रविवार

फार वाईट वाटलं आज.

तीन आठवडे परीक्षा आणि प्रबंधात गेले. आज दहा वाजता नव्या पाहुण्यांना वाटेवर नेलं, डिसेंबरचा नकाशा हातात घेऊन. सागाचा सव्वाचारशे मीटरचा पट्टा, आमचा सर्वांत गार तुकडा, पूर्ण उघडा. सागानं पानं टाकली. पायाखाली पापडासारखी मोडणारी पानं आणि वर नुसते खांब. पळस उघडा. गिरिपुष्प गुलाबी फुलांनी भरलेलं, पण सावली नाही. शिरीष वाळक्या शेंगा वाजवत उभा. एका पाहुणीला चक्कर आली. सावली शोधायला १४० मीटर मागं यावं लागलं, मीठ-साखरेचं पाणी होतं म्हणून निभावलं.

दोष सरळ माझा आहे. सावली ही जागेची गोष्ट आहे असं मी धरलं. ती ऋतूची गोष्ट आहे. पर्यावरणशास्त्र शिकते, पानझड म्हणजे काय हे परीक्षेत लिहून आले, आणि वाट आखताना ते आठवलं नाही.

संध्याकाळी माळीकाकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "सागना भरोसा उन्हायामा नही," एवढंच म्हणाले, आणि मग कोणतं झाड कधी उघडं होतं आणि कधी भरतं ते बोटांवर मोजून सांगितलं. मी लिहून घेतलं.

१३ मार्च, गुरुवार

होळी. उद्या रंग आणि सुटी. फक्त एक नोंद : गवत पूर्ण वाळलंय. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर गवत कापून जाळरेषा काढायला परवानगी मिळाली. एक ठिणगी पडली तर सगळी टेकडी जाईल. वाटेवर काडी-बिडी काही नाही, हे फलकावर सर्वांत वर.

२० मार्च, गुरुवार

आज दिवस-रात्र समान. तीच काठी, तीच जागा. सर्वांत आखूड सावली १२ वाजून ३५ मिनिटांनी, ३८ सेंटिमीटर. डिसेंबरात ९८ होती. म्हणजे झाड तेच असलं तरी त्याची दुपारची सावली आता बुंध्याकडे ओढली गेलीये. रांगेच्या उत्तरेला सहा मीटर सरकवलेली वाट आता पुन्हा झाडाखालीच यायला हवी.

१९२ थांबे पुन्हा मोजले. सकाळी दहाला 'स' किंवा 'अ' फक्त ६१.

६ एप्रिल, रविवार

दोन नकाशे करायचे ठरले. थंडीची वाट आणि उन्हाळ्याची वाट. माथा एक, फाटक एक, मधला मार्ग वेगळा.

उन्हाळ्याची वाट कडुनिंब, करंज आणि अंजनाच्या आधारानं जाते. माळीकाकांचा हिशेब तंतोतंत निघाला. निंबानं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडली होती, आता तांबूस कोवळी पालवी येऊन गर्द व्हायला लागलाय, आणि फुलांचा वास संध्याकाळी वसतिगृहापर्यंत येतो. करंजाला नवी चकचकीत पानं. जेव्हा साग हात वर करतो तेव्हा ही झाडं सावली द्यायला उभी राहतात. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या मुरमात निंब लावले त्यांना हे माहीत असणारच.

उन्हाळ्याची वाट लहान ठेवली : २,१०० मीटर. वेळही बांधून दिली. सकाळी साडेपाच ते आठ, संध्याकाळी साडेसहानंतर. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो तेव्हा मधल्या वेळात बाहेर पडण्यात शौर्य नाही. काळा दगड रात्री नऊपर्यंत गरम असतो, त्यावर बसून पाहिलंय. आपल्या भागात बाहेरचं जगणं पहाटेचं, सांजेचं आणि रात्रीचं असतं. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपणारं गाव हे कधीपासून जाणून आहे.

पहाटे साडेपाचला आता पंधरा-वीस जणं नियमित येतात. मुली चौघी-चौघींच्या गटानं. ताईनं माथ्यावर रोज दहा मिनिटं सूर्यनमस्कार घ्यायला सुरुवात केलीय.

१९ एप्रिल, शनिवार

पद्मालय. पहाटे चारला सायकली काढल्या, नऊच्या आत पोहोचायचं म्हणून. एरंडोलपासून आत दहा किलोमीटरवर, जंगलाच्या कुशीत. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एकाची सोंड उजवीकडे आणि एकाची डावीकडे, आणि समोर कमळांचं तळं. दिवसभर देवळाच्या ओवरीत आणि झाडाखाली काढला, संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत. महामार्गावर एका ओळीत, मागे लाल दिवा, पुढे ताई. पुन्हा जायचं तर जानेवारीत.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. परीक्षेमुळे घरी जाता आलं नाही अशा चौदा जणी राहिल्या होत्या. खान्देशातल्या मुलीला आखाजीला माहेर नाही म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गौराई, सांजोऱ्या, आंब्याचा रस आणि झोका. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल याच दिवशी बदलतं आणि लेकीचं मनही.

थांबा ३१ जवळच्या निंबाची आडवी फांदी माळीकाकांनी आधीच पाहून ठेवली होती. फांदीला गोणपाट गुंडाळून, साल सोलणार नाही असा दोर बांधून दिला. त्यांची लेक यंदा येऊ शकली नाही, हे त्यांनी दोर बांधताना सांगितलं. संध्याकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत झोका थांबला नाही. धुळ्याकडच्या, चाळीसगावकडच्या, यावलकडच्या, सगळ्यांच्या गाण्यांच्या चाली थोड्या-थोड्या वेगळ्या. एकीनं सुरू करायचं, दुसरीनं आपल्या गावच्या शब्दांत पुढे न्यायचं. लातूरची एक जण नुसती ऐकत बसली होती, शेवटी तीही गायली.

काकांना आधी झोक्यावर बसवलं. त्यांनी दोनच हेलकावे घेतले आणि डोळे पुसत उतरले.

२५ मे, रविवार

वसतिगृह जवळपास रिकामं. मी प्रबंधासाठी राहिलेय, धडगावचा मित्र नकाशे पूर्ण करायला.

आजच्या दिवसाची वाट डिसेंबरपासून पाहत होतो. आपल्या अक्षांशावर २५ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हिशेबानं १२ वाजून २५ मिनिटं. ९८, ३८ आणि आज शून्य, अशी तिसरी नोंद या पानावर करायची होती. माळीकाकाही आले, हे बघायचं म्हणून जेवण लवकर उरकून.

सव्वाबाराला आभाळ भरून आलं. यंदा महिनाभर वळवाच्या सरी चालू आहेत आणि मोसमी पाऊस कालच केरळात पोहोचलाय. बारा पंचवीसला काठी होती, सावली नव्हती, पण ती सूर्यामुळे नव्हे, ढगामुळे. रकान्यात 'ढग' असं लिहिलं. पुढची संधी जुलैच्या मध्यावर, तेव्हाही पावसाळाच.

मित्र जरा हिरमुसला. काका म्हणाले, "आते तं सगळीकडेच सावली शे, चाला ना." मे महिन्यात दुपारी साडेबाराला आम्ही तिघं पूर्ण ३,८४० मीटरची थंडीची वाट चाललो, सागाच्या उघड्या पट्ट्यातूनसुद्धा. सागाच्या शेंड्यांना हिरवे कोंब आलेत. थांबा १६० जवळ पहिले थेंब पडले. काकांनी डोक्यावरचा रुमाल काढून खिशात ठेवला. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी लागली, म्हणून पुढचे ३२ थांबे नोंदीविना.